बाईंनी विचारलंय

लग्न घिवलीतच होतं, आमच्या घरापासून चार घरं सोडून. नवरी माझी विद्यार्थिनी. बोईसरच्या शाळेत मी तिला विज्ञान शिकवलं होतं, आणि तिची आई माझी मासळीवाली. बोईसरच्या बाजाराला निघाली की ती आमच्या दारावरून जायची आणि टोपली खाली न ठेवताच विचारायची, "बाई, आज काय देऊ?" लग्नाचं आमंत्रण द्यायला आली तेव्हा मात्र डोक्यावर टोपली नव्हती. चांगली साडी नेसून, नवऱ्याला बरोबर घेऊन आली होती. पत्रिका हातात देऊन म्हणाली, "तुमी पुडच्या खुर्चीवर बसायचं. मागे कुटं कोपऱ्यात नाय बसायचं."

त्या लग्नाचा मुहूर्त माझ्यामुळे टळला. ते कसं घडलं हे सांगायचं तर आधी माझ्या एका सवयीबद्दल सांगावं लागेल.

नोकरी संपली आणि दिवस एकदम मोठा झाला. त्या रिकाम्या दिवसात फोन शिरला. आमच्या भागातल्या लोकांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे. पालघरपासून चिंचणी-तारापूरपर्यंतची माणसं त्यात आहेत. माझे कितीतरी जुने विद्यार्थी, त्यांचे आईवडील, दुकानदार, रिक्षावाले, कारखान्यांत कामाला आलेले बाहेरगावचे लोक. तिथे दिवसभर प्रश्न पडत असतात. शेवटची एसटी किती वाजता? उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागतं? आज पाणी येणार का? सातपाटीला आज मासळी आलीय का? एकाने एकदा विचारलं होतं, उद्या बँक चालू आहे का, आणि उद्या रविवार होता.

मला हे प्रश्न सहन होत नसत. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले होते, आधी पुस्तकात बघा, मग स्वतः डोकं चालवा, मग मला विचारा. इथे तर पुस्तकही उघडायची गरज नव्हती, बोटाने जरा वर सरकवलं की उत्तर. मी उत्तरं द्यायला लागले. म्हणजे उत्तरं नव्हेच. "वर पाहा." "सूचना दिलेली आहे, वाचायची तसदी घ्या." "रविवार कधी असतो हे भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं." जुने विद्यार्थी त्यावर हसायचे. कोणी लिहायचं, बाईंनी छडी काढली. मला ते आवडायचं. शाळा सुटली होती, पण माझा वर्ग भरत होता. ग्रुप चालवणारा मुलगाही माझाच विद्यार्थी, त्याचं पालघरला झेरॉक्सचं दुकान आहे. त्याने मलाही ग्रुपवर लक्ष ठेवायला घेतलं आणि माझ्या नावापुढे तशी खूण दिसू लागली.

एकदा एका बाईने विचारलं होतं, बाळाला ताप आहे, पालघरच्या सरकारी दवाखान्यात मुलांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात? मी लिहिलं, "दवाखान्याच्या फाटकावर फलक आहे. तो वाचण्यासाठीच लावलेला असतो." तिने त्यावर काही लिहिलं नाही. मीही तिला विसरले.

लग्नाच्या आधीचे दोन दिवस मी पालघरजवळच्या माहीमला बहिणीकडे होते. तिच्या वाडीतल्या केळी, विड्याची पानं, मागच्या पडवीत बसून गप्पा; फोनकडे फारसं पाहिलंच नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरी आले, हळदीला थोडा वेळ जाऊन आले आणि झोपले.

सकाळी आमचे हे लवकर मांडवात गेले. खुर्च्या लावायला, पाण्याचे पिंप भरायला अशा कामांना ते नेहमीच आधी असतात. मी घरी एकटी. अंघोळ झाली होती, साडी अर्धी नेसून झाली होती, निऱ्या हातात होत्या, आणि सायरन सुरू झाला.

अणुऊर्जा केंद्र आमच्या गावाला लागूनच आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी त्याच्याकडे सारखी पाहायची. आता त्या दिशेला नुसती नजर जाते, दिसत काही नाही. अधूनमधून तिथे आणीबाणीची तालीम होते, ज्याला सगळे मॉक ड्रिल म्हणतात. त्याआधी पंचायतीच्या फळ्यावर सूचना लागते, रिक्षा भोंगा लावून गावभर फिरते. हे सगळं मला ठाऊक होतं. त्या क्षणीसुद्धा ठाऊक होतं. दार उघडून अंगणात आले असते तर शेजारच्या अंगणात कोणीतरी भांडी घासताना दिसलंच असतं, आणि "कसला गं हा भोंगा?" एवढं विचारून काम झालं असतं. पण साडी अर्धी नेसलेली होती, आणि फोन समोर टेबलावर होता.

निऱ्या कमरेत खोचल्या आणि एका हाताने लिहिलं: "घिवलीला सायरन वाजतोय. नेहमीसारखा वाटत नाही. गळती वगैरे आहे का? कुणाला माहिती?"

'नेहमीसारखा वाटत नाही' हे मी का लिहिलं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. मला तसं काहीच वाटलं नव्हतं. सायरन सायरनसारखाच होता. पण नुसतं "सायरन का वाजतोय?" असं विचारलं असतं तर मीसुद्धा त्या रविवारवाल्यांच्या रांगेत जाऊन बसले असते. माझा प्रश्न जरा विचार करून विचारलेला दिसावा म्हणून मी त्यात ते वाक्य घातलं. इतकंच त्याचं कारण.

प्रश्न टाकला. फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून तो चार्जिंगला लावला. पदर नीट केला, गजरा माळला. तोवर सायरन थांबलाही होता. मी तो विसरले, फोन चार्जिंगलाच ठेवून घराला कुलूप लावलं आणि लग्नाला गेले.

मांडव छान सजला होता. नवरीच्या आईने मला हाताला धरून खरोखरच पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. बँडवाले एका बाजूला बसून चहा पीत होते. वऱ्हाड सातपाटीहून यायचं होतं, दोन बस आणि एक टेम्पो भरून. मुहूर्त साडेबाराचा होता. मी शेजारच्या बायकांना म्हटलं, "मघाशी सायरन कसला होता गं?" पंचायतीचा एक तरुण सदस्य मागेच उभा होता, तोही माझा विद्यार्थी. तो म्हणाला, "मॉक ड्रिल होतं बाई. परवापासून रिक्षा फिरतेय. काल संध्याकाळी मी ग्रुपवरपण टाकलंय."

"हो का? मी माहीमला होते," मी म्हटलं. बस, तेवढंच. तेव्हासुद्धा मला माझा प्रश्न आठवला नाही. खरंच नाही आठवला.

बारा वाजून गेले. वऱ्हाडाचा पत्ता नव्हता. नवरीचा भाऊ फोन कानाला लावून मांडवाच्या बाहेर जात होता, आत येत होता. मग बायकांत कुजबुज सुरू झाली, आणि भटजींनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा नवरीच्या बापाकडे पाहिलं. शेवटी भाऊ आत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बस बोईसरच्या पुढे आलेल्या, तिथून मागे फिरल्यात. इकडे गॅस गळला म्हणून."

"कसला गॅस?"

"मोबाइलवर आलंय म्हणतात. घिवलीला गळती झाली, लोक पळतायत."

मांडवात एकच गलका झाला. आम्ही सगळे तर तिथेच होतो, नटूनथटून, पंख्याखाली. कोणी हसलं, कोणी शिवी दिली. नवरीची आई मटकन खाली बसली. आणि मी उठून उभी राहिले. वर्गात उठायची तशीच. म्हटलं, "हे असंच असतं. लोक वाचत नाहीत, विचार करत नाहीत. काल सूचना दिलेली असताना कुणीतरी मूर्खाने काहीतरी टाकलं असणार, आणि बाकीचे मेंढरांसारखे त्याच्यामागे! अशा माणसाला ना..."

वाक्य पुरं झालं नाही. नवरीचा भाऊ माझ्यासमोर येऊन उभा होता.  त्याने फक्त फोन माझ्यापुढे धरला.

माझं नाव होतं. माझा फोटो होता, शाळेतून निवृत्त होताना शाल घेतलेला. खाली माझा प्रश्न. त्याचा फोटो काढून कोणीतरी पुढे पाठवला होता, आणि वर लिहिलं होतं, "बाईंनी विचारलंय म्हणजे गंभीर आहे." तेही पुढे गेलं होतं. सातपाटीच्या लोकांच्या ग्रुपवर पोहोचेपर्यंत फोटोही उरला नव्हता, नुसती ओळ होती: "घिवलीला गळती. शाळेच्या बाईंनी स्वतः सांगितलं. तिकडे जाऊ नका."

मी विचारलं होतं, सांगितलं नव्हतं. पण हे त्या मांडवात कोणाला सांगणार? माझ्या तोंडून निघालेला 'मूर्ख' हा शब्द अजून तिथेच होता. सगळ्यांनी तो ऐकला होता. आता सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या नजरेत रागही नव्हता. शाळेत एखाद्या चांगल्या मुलाला कॉपी करताना धरलं की बाकीची मुलं बघतात ना, तसे ते बघत होते. मला कान गरम झाल्याचं आठवतं, आणि गजऱ्याचा वास नकोसा झाल्याचं.

नवरीची आई उठली. पदराने डोळे पुसले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, तुमी फोन करा. तुमचंच ऐकतील ते."

तिच्या मुलाने नवऱ्यामुलाच्या काकांना फोन लावून माझ्या हातात दिला आणि स्पीकर सुरू केला. मांडव शांत झाला. मी म्हटलं, मी अमुक शाळेची बाई बोलतेय, इथे काहीही झालेलं नाही, तालीम होती, मी फक्त प्रश्न विचारला होता, चूक माझी आहे, तुम्ही या.

 मग काका म्हणाले, "बाई, आमी तुमाला ओळखतो. आमची पोरगी तुमच्या हाताखाली शिकली. तुमी उगाच काय पन इचारनाऱ्यातल्या नाय."

"अहो, पण मी उगाचच विचारलं होतं."

"नाय बाई. तुमाला आता कोनीतरी गप बसायला सांगितलं असल. आमाला समजतं."

मांडवातून कोणीतरी जोरात ओरडलं, "अरे, इकडे बँड वाजतोय!" आणि बँडवाल्यांना खूण केली. त्यांनी लगेच वाजवायला सुरुवात केली, पण तिकडे फोन बंद झाला होता.

मग मी नवरीच्या भावाला म्हटलं, "मला तिकडे घेऊन चल."

त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, एका हाताने साडी धरून मी बोईसरपर्यंत गेले.  रस्त्यात टपऱ्या उघड्या होत्या, एकजण उसाचा रस काढत होता. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, आणि त्याची मला फार लाज वाटत होती. खरंच काही झालं असतं तर बरं, असाही एक विचार मनात येऊन गेला. तो मी इथे लिहितेय, कारण तोसुद्धा त्या दिवसाचाच भाग होता.

दोन्ही बस बोईसरच्या नाक्यापलीकडे रस्त्याच्या कडेला लावलेल्या होत्या. टेम्पो पुढे पालघरकडे निघून गेला होता. वऱ्हाडातली माणसं खाली उतरून उभी होती, काहींनी तोंडाला रुमाल बांधले होते. नवरा मुलगा मुंडावळ्या बांधलेला, बसच्या पायरीवर बसला होता. मी उतरले तसे सगळे भोवती जमले. मला मोठ्याने बोलायची सवय आहे, पण आवाज बारीकच निघाला. म्हटलं, "मी घिवलीहून आत्ता येतेय. माझ्याकडे बघा. काही झालेलं नाही. सूचना मी वाचली नव्हती. घरात बसून विचारलं, बाहेर येऊन पाहिलं नाही. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

बसचा ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, आगे जाना है कि नहीं, पक्का बोलो."

"जाना है," मी म्हटलं.

नवऱ्यामुलाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही नक्की सांगताय?" त्याचा प्रश्न साधाच होता, पण आजवर कोणी मला असं विचारलं नव्हतं. मी सांगितलेलं खरं आहे का, हे पडताळून पाहायची गरज कोणाला वाटली नव्हती. मी मान डोलावली. काका पुढे आले, माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मग माणसांना म्हणाले, "चला, बसा."

तेव्हा कळलं की टेम्पोतून नवऱ्याच्या आजीला सातपाटीला परत पाठवलं होतं. ती घाबरून थरथरायला लागली होती, तिला दम लागला होता. काकांनी टेम्पोवाल्याला फोन केला, तर तो पालघर सोडून कधीच पुढे गेला होता. आजी आता येत नाही म्हणाली.

भटजींनी दुपारचा दुसरा मुहूर्त काढला. लग्न लागलं. मी पुढच्या खुर्चीवर बसले नाही, पण नवरीच्या आईने मला पाहिलं आणि पुन्हा तिथेच नेऊन बसवलं. त्यामुळे तर मी जास्तच आक्रसून बसले. अक्षता वाटत होत्या तेव्हा कोणीतरी माझ्या हातावर टाकल्या. मंगलाष्टकं चालू होती आणि मी माझ्या पायांच्या बोटांकडे बघत होते. जेवणात भात थंड झाला होता. कोणी तक्रार केली नाही. म्हणजे माझ्यासमोर केली नाही.

घरी परतताना आमचे हे माझ्याबरोबर चालत होते. पंचायतीच्या फळ्यापाशी आलो तेव्हा मी थांबले. सूचना तिथे होती, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. मी म्हटलं, "तुम्ही ही वाचली होती?"

"हो. रोज सकाळी फिरायला जातो तेव्हा वाचतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी जरा विचार केला. "मला वाटलं तुला माहीत असेल," ते म्हणाले. "तुला सगळं माहीत असतं." त्यात टोमणा नव्हता. ते कधी टोमणा मारत नाहीत. त्यांनी आपलं खरं ते सांगितलं.

घरी येऊन फोन हातात घेतला. माझ्या प्रश्नाखाली उत्तरांचा ढीग पडला होता. बरेच जण हसत होते. कोणीतरी लिहिलं होतं, "बाई, वर पाहा." त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. दुसऱ्याने लिहिलं होतं, "सूचना वाचायची तसदी घ्या." माझीच वाक्यं, अगदी शब्दन् शब्द. त्यांचं मला वाईट वाटलं नाही. ती माझ्या वाट्याला यायलाच हवी होती.

वाईट वाटलं ते सगळ्यात वर असलेल्या उत्तराचं. मी प्रश्न टाकून फोन चार्जिंगला लावला, त्यानंतर लगेचच ते आलेलं होतं. "बाई, घाबरू नका. ही तालीम आहे. काल पंचायतीच्या भाऊंनी ग्रुपवर टाकलं होतं, खाली देते. तुम्ही घरी एकट्या आहात का? काही लागलं तर सांगा, माझी बहीण घिवलीत असते, तिला पाठवते." आणि खाली ती सूचना पुन्हा, नीट चिकटवलेली. नाव ओळखीचं वाटलं. कुठलं ते आठवेना, म्हणून मागे शोधत गेले. बाळाचा ताप विचारणारी बाई होती ती.

मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर लिहिलं. आधी बरंच लिहिलं, मग पुसलं. शेवटी एवढंच ठेवलं: "धन्यवाद. तुमच्या बाळाच्या तापाबद्दल तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. मला माफ करा. बाळ कसं आहे?" तिने लिहिलं, "बरं आहे बाई. त्या दिवशी आम्ही चुकीच्या वारी गेलो होतो, परत यावं लागलं. मग दुसऱ्या दिवशी दाखवलं." तक्रारीचा सूर नव्हता. मी ते किती वेळा वाचलं असेल. तापलेलं बाळ खांद्यावर घेऊन ती आणि तिचा नवरा बंद खोलीसमोरून परत फिरले असतील. मला तो वार ठाऊक होता. एक शब्द लिहायचा होता.

झेरॉक्सवाल्या मुलाला मी फोन करून सांगितलं, माझ्या नावापुढची ती खूण काढून टाक. तो म्हणाला, "बाई, असं होतं कधी कधी. तुम्ही नका मनाला लावून घेऊ." मी म्हटलं, काढ. प्रश्न मात्र मी पुसला नाही. त्याच्याखाली लिहून ठेवलं की मी सूचना वाचली नव्हती, सायरन नेहमीसारखाच होता, 'वाटत नाही' हे मी उगाच लिहिलं.

पण मनातून आजी जाईना. आठवड्याभराने मी सातपाटीला गेले. पालघरहून एसटी घेतली, उतरून विचारत विचारत घर शोधलं. अंगणात बांबूंवर बोंबील सुकत होते. नवी नवरी, माझी विद्यार्थिनी, हातभर हिरवा चुडा घातलेली, मला पाहून धावत आली. ओट्यावर आजी सुपात सुका जवळा घेऊन कचरा निवडत बसली होती. तिने मान वर केली.

"ही कोन?"

"आजी, माझ्या शाळेच्या बाई."

"त्याच?"

"त्याच," नवरी म्हणाली आणि माझ्याकडे पाहून कसनुसं हसली.

मी ओट्याच्या पायरीवर बसले. मी का आले ते सांगितलं. म्हातारी ऐकत होती, हात चालू होते. मग म्हणाली, "पाटेपासून लुगडं नेसून बसले व्हते मी. ह्या पोराला मीच वाडवला, त्याची आय लवकर गेली. त्याचं लगीन बगायचं म्हनून जगले म्हन. आनि बगलं नाय."

म्हातारीने एक काडी वेचून बाजूला टाकली.

"गाडी मीच फिरवायला लावली," ती पुढे म्हणाली. "पोराला म्हटलं, फिरव, सगली मरशीला. आता घरात मलाच बोलतात. म्हातारीने वऱ्हाड फिरवलं."

तेवढ्यात काका बाहेर आले. मी उठून उभी राहिले आणि त्यांना म्हटलं, "यांना काही बोलू नका. वऱ्हाड मी फिरवलं. मी लिहिलं तसं कोणीही वाचलं असतं तर घाबरलंच असतं." काका ओशाळले. म्हणाले, "नाय बाई, आमी आपली थट्टा करतो." म्हातारी त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "रोजची थट्टा."

काका आत निघून गेले. त्याचा काही उपयोग झाला की नाही, मला माहीत नाही. नवरी नंतर एकदा फोनवर म्हणाली, आता फारसं कोणी बोलत नाही. तिने ते माझं मन राखायला सांगितलं असेल, असंही मला वाटतं.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "तू व्हतीस ना तितं शेवटपरयंत?"

"होते."

"मंग सांग. कसं झालं? अंतरपाट कोनी धरला? पोरगा रडला काय? आयच्या आठवनीने रडनार म्हनून मला वाटत व्हतं."

मी तोंड उघडलं, आणि मला काहीच आठवेना. मी पुढच्या खुर्चीवर होते. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. आणि मला आठवत होती ती माझ्या पायांची बोटं, आणि सगळे माझ्याबद्दल काय म्हणत असतील याची काळजी. ज्या म्हाताऱ्या बाईचा हा दिवस मी हिरावून घेतला, तिच्या जागी बसून मी तो पाहिलाही नव्हता.

"मी नीट पाहिलं नाही आजी," मी म्हटलं. 

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता, समजूतही नव्हती. मग तिने नातसुनेला हाक मारली, "तू सांग गो."

नवरी पदर सावरून आमच्यामध्ये येऊन बसली. तिने सांगायला सुरुवात केली. अंतरपाट तिच्या मामाने आणि नवऱ्याच्या एका मित्राने धरला, एका बाजूने तो खाली येत होता म्हणून सगळे हसले, भटजींनी दोन वेळा नाव चुकवलं, आणि हो, हे रडले. अंतरपाट दूर झाला तेव्हा यांचे डोळे भरलेलेच होते, आणि यांनी सगळ्यांत आधी इकडेतिकडे पाहिलं, आजी कुठेय म्हणून. म्हातारीने पदर तोंडाला लावला. मी बाजूला बसून ऐकत होते. ते लग्न मी त्या ओट्यावर पहिल्यांदा पाहत होते.

निघताना म्हातारी उठली नाही. "चा पिऊन जा," एवढं म्हणाली आणि पुन्हा सूप पुढे ओढलं. नवरी एसटीच्या थांब्यापर्यंत आली. म्हणाली, "बाई, आजी अशीच आहे, मनात काही ठेवत नाही." मी म्हटलं, "ठेवलं तरी चालेल गं." एसटी आली, मी चढले. नवरी खाली उभी राहून हात हलवत होती. खिडकीजवळच्या एका मुलीने मला ओळखलं. "नमस्कार बाई," म्हणाली आणि उठून जागा दिली. मी तिला बसायला सांगितलं आणि पालघरपर्यंत दांडीला धरून उभी राहिले.